बीओटीचा करार झाल्यावर पुढची पंचवीस वर्षं त्याच्याकडे बघतं कोण?

घाटरस्ता

टोलवर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत, पण त्यात गाडी नेहमी एकाच ठिकाणी अडकते, टोल किती, कोणाच्या मेव्हण्याचा, कधी बंद होणार. मला वेगळंच विचारायचंय. रस्ता, पूल, पाणीयोजना, हॉस्पिटल काहीही असो, खाजगी कंपनीने पैसे घालून बांधायचं, २०-२५-३० वर्षं चालवायचं, वसूल करायचं आणि मग सरकारला परत द्यायचं, असा करार (यालाच बीओटी म्हणतात, बांधा-वापरा-हस्तांतरित करा) एकदा सही झाला की पुढे सरकारी बाजूने तो करार रोज सांभाळतं कोण?

विचारायचं कारण असं की मी स्वतः साडेचार वर्षं एका बीओटी रस्त्यावर होतो. कंपनीकडे नाही आणि खात्याकडेही नाही, मधल्या माणसाकडे. त्याला करारात स्वतंत्र अभियंता म्हणतात, म्हणजे प्रत्यक्षात एक कन्सल्टन्सी, तिचा एक टीम लीडर आणि आमच्यासारखी पाच-सहा पोरं. रस्त्याचं नाव सांगत नाही, उगाच कोणाला त्रास नको. आमचं काम काय तर दर महिन्याला रिपोर्ट, तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, रंगीत फोटो. पेव्हमेंटची अवस्था, साइडपट्ट्या, गटारं, क्रॅश बॅरिअर, टोलनाक्यावरची वाहनसंख्या, सगळं त्यात. खड्डा पडला तर किती तासांत बुजवायचा, रस्ता किती खडबडीत झाला की नवा थर टाकायचा, हे सगळं कराराच्या परिशिष्टात तास-दिवस मोजून लिहिलेलं असतं, आणि नाही केलं तर रोजचा दंड किती तेही.

तर एकदा आमच्या टीम लीडरने गंमत म्हणून (गंमत कसली, वैतागून) रिपोर्टात मागच्या महिन्याचेच फोटो लावले. कोणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात परत तेच. तिसऱ्या महिन्यातही तेच, आणि त्या फोटोत रस्त्याच्या कडेला एका लग्नाची कमान दिसत होती, वधूवरांच्या नावासकट, तरी कोणाला प्रश्न पडला नाही की हे लग्न चाललंय किती महिने. रिपोर्ट जायचा, पोच मिळायची, कपाटात जायचा. साडेचार वर्षांत खात्याचे तीन कार्यकारी अभियंते बदलले आणि तिसऱ्या साहेबांनी पहिल्याच मिटिंगला आम्हालाच विचारलं की करारनाम्याची एक झेरॉक्स मिळेल का.

तुमचे अनुभव लिहा. राजकीय धुणी धुवायची असतील तर दुसरा धागा काढा ही नम्र विनंती.

पेठेतला

लग्नाची कमान 😂😂

विषय चांगलाय. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेचा उल्लेख कसा नाही केलात?

घाटरस्ता

@पेठेतला, एक्सप्रेसवे खरं तर बीओटी नाहीच, म्हणून. तो सरकारने बांधला. १९९६ ला एमएसआरडीसी (राज्याचं रस्ते विकास महामंडळ) काढली, रिलायन्सची ३,६०० कोटींची निविदा नाकारली, बाजारातून रोखे काढून पैसे उभे केले आणि निम्म्याहून कमी खर्चात रस्ता झाला, २००२ ला पूर्ण सुरू. ही गोष्ट गडकरी दर दुसऱ्या भाषणात सांगतात आणि सांगण्यासारखी आहेच. पण पुढचा भाग कमी सांगितला जातो. २००४ मधे एक्सप्रेसवे आणि जुना हायवे मिळून १५ वर्षांची टोलवसुली आयआरबीच्या कंपनीला ९१८ कोटी एकरकमी घेऊन दिली. म्हणजे बांधायची जोखीम सरकारने घेतली, ती सगळ्यात मोठी जोखीम, आणि रस्ता तयार झाल्यावर, गाड्या धावताना दिसत असताना, वसुली विकली.

पेठेतला

आणि त्या करारात १५ वर्षांत २,८६९ कोटी वसूल होतील असं धरलेलं होतं. माहिती अधिकारवाल्यांनी दर महिन्याचे आकडे जोडत जोडत दाखवून दिलं की २०१६ संपायच्या आतच तेवढे जमा झाले. उरलेली अडीच-पावणेतीन वर्षं वरचं सगळं बोनस. मग २०१९ ला मुदत संपली तर २०२० ला परत त्याच कंपनीला १० वर्षांसाठी ८,२६२ कोटींना. आणि दर ३ वर्षांनी टोल १८ टक्के वाढत आला, एप्रिल २०२३ ला कारचे २७० चे ३२० झाले, ते कोणी ठरवलं? २००४ च्या कागदाने.

आकडेमोड

जरा थांबा. बोनस हा शब्द बरोबर नाही. कंपनीने ९१८ कोटी आधी मोजलेत, त्यावर व्याज चाललंय, देखभाल त्यांची, आणि वाहनं कमी आली असती तर तोटा त्यांचा, कोणी चंदा करून भरून दिला नसता. गृहीतकापेक्षा जास्त गाड्या आल्या म्हणून आरडाओरड करायची असेल तर ते करारातच लिहायला पाहिजे होतं की अमुक आकड्याच्या वर गेलं की निम्मं सरकारचं किंवा मुदत आपोआप कमी. तशी कलमं लिहिता येतात. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुना करारात आहेच, ठरलेल्या तारखेला वाहनसंख्या मोजायची आणि अंदाजापेक्षा जास्त असेल तर कंपनीची वसुलीची मुदत घटवायची, कमी असेल तर वाढवायची. आपण ते लिहिलं नाही यात कंपनीचा काय दोष?

पेठेतला

कंपनीचा दोष नाही म्हणताय तर मग वाहनं मोजत कोण होतं तेही सांगा. ज्याच्या खिशात पैसे जातात तोच मोजतोय.

घाटरस्ता

हाच तर मुद्दा. आमच्या रस्त्यावर वर्षातून दोनदा सात दिवस चोवीस तास गणना व्हायची. कॉलेजची पोरं, छत्री, पाण्याचा जग, कागदावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. रात्री दोन ते पाच या वेळात सगळ्या नाक्यांवर आकडे इतके सारखे यायचे की वाटावं गाड्या पण झोपून तालात जातायत. आता फास्टॅग आल्यापासून (फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा) निदान आकडा बँकेच्या सिस्टिममधून जातो, लपवणं अवघड झालंय. पण आकडा असणं वेगळं आणि तो कोणीतरी बसून करारातल्या कॅशफ्लोशी (वर्षागणिक वसुलीच्या अंदाजाशी) ताडून बघणं वेगळं. राज्याच्या पीडब्ल्यूडीच्या बीओटीत तर निविदाच मुदतीवर असायची, जो कमीत कमी मुदत मागेल त्याला काम. म्हणून मुदत वर्षं, महिने आणि दिवसांत असायची. दिवसांत! एवढा बारीक हिशोब सही करताना, आणि नंतर तो कोणी उघडून बघायचं नाही.

खोडसाळ

मुहूर्त बघून काढले असतील दिवस.

करवीरकर

कोल्हापूरचं लिहायला पाहिजे, मोबाईलवरून टाईप करतोय चुका सांभाळून घ्या.

आमच्याकडं शहराच्या आतले सुमारे ४९ किमी रस्ते, २२० कोटीचा प्रकल्प, ३० वर्षं टोल. महापालिका, एमएसआरडीसी आणि आयआरबी असा तिघांचा करार, २००८ चा. शिवाय टेंबलाईवाडीची जागा कंपनीला. बाहेरच्या माणसाला वाटतं कोल्हापूरकर फुकटे आहेत टोल द्यायला नको म्हणून आंदोलन केलं. अहो टोलला विरोध होताच पण आधी चीड कशाची होती सांगू का, रस्ता केला पण गटार नाही, गटार केलं तर ते रस्त्यापेक्षा वर, पाण्याची लाईन रस्त्याखालीच राहिली म्हणजे लिकेज निघालं की नवा काँक्रीट फोडायचा, डांब रस्त्यात तसेच उभे, तोडलेली झाडं परत लावायची ती कुठं लावली देव जाणे. आणि विचारायला गेलं की महापालिका म्हणणार एमएसआरडीसीला विचारा, एमएसआरडीसी म्हणणार पालिकेनं लाइनी हलवून दिल्या नाहीत, कंपनी म्हणणार आम्हाला पूर्णत्वाचा दाखला मिळालाय आम्ही टोल घेणार. तिघांचा करार म्हणजे तीन तिघाडा. एन. डी. पाटील सर त्या वयात रस्त्यावर उतरले, गोविंदराव पानसरे होते, लाखालाखाचे मोर्चे निघाले. जानेवारी २०१४ ला नाके पेटले. २०१५ संपता संपता सरकारनं टोल रद्द केला.

पण मला धागाकर्त्यांचा मुद्दा पटतो तो पुढच्या गोष्टीमुळं. टोल रद्द झाला म्हणजे काय झालं, कंपनीला पैसे द्यायला लागले. किती द्यायचे? तर केलेलं काम मोजा. मग मूल्यांकन समिती. मग रस्त्याची जाडी मोजा, लांबी मोजा, कुठलं काम झालं कुठलं नाही. हे मोजमाप काम चालू असताना रोजच्या रोज पालिकेच्या माणसानं करून ठेवलं असतं तर इतकं रामायण झालं असतं का?

मुलुंडकर

मुंबईचे पाच एंट्री पॉइंट विसरू नका. दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली, वाशी. ५५ फ्लायओव्हरचा खर्च काढायला म्हणून २००२ पासून टोल. २०१० ला एमईपी या कंपनीला १६ वर्षांसाठी २,१०० कोटींना. मी वीस वर्षं रोज ठाण्याला ये-जा केली, माझ्या एकट्याच्या पैशात एका फ्लायओव्हरचा कठडा तरी झाला असेल. ऑक्टोबर २०२४ ला निवडणुकीच्या तोंडावर लहान गाड्यांना माफी दिली, आनंद आहे. पण करार चालू असताना माफी म्हणजे भरपाई आपल्याच टॅक्समधून, हे पेढे वाटताना कोणी सांगत नाही.

आकडेमोड

+१. २०१५ ला पण तेच. १२ नाके पूर्ण बंद आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्या आणि एसटीला सूट. राजकीयदृष्ट्या लोकप्रिय निर्णय, पण प्रत्येक सवलतीमागे कंपनीचं एक पत्र येतं, आमचं एवढं नुकसान झालं म्हणून. टोल बंद केला म्हणजे खर्च संपला नाही, फक्त खिसा बदलला. गाडी नसलेला माणूस पण आता भरतो.

साइटवाला

सगळे कंपन्यांना झोडपतायत म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी कंत्राटदाराकडे आहे, २२ वर्षं.

करार सांभाळणारा माणूस आमच्याकडे असतो. त्याला क्लेम्स मॅनेजर म्हणतात, त्याचा पगार प्रोजेक्ट मॅनेजरच्या खालोखाल. सरकारने जमीन अमुक तारखेपर्यंत द्यायची होती, दिली नाही, त्याच संध्याकाळी पत्र. महावितरणचे खांब हलवले नाहीत, पत्र. गावकऱ्यांनी काम अडवलं, फोटोसकट पत्र, पोलीस ठाण्याच्या पोचेसकट. प्रत्येक पत्रात कलमाचा नंबर. खात्याकडून त्याला उत्तर? शंभरातल्या पाच-सहा पत्रांना येत असेल. उरलेली तशीच. साहेब म्हणतात कशाला उत्तर देता, उत्तर दिलं की आपण अडकतो. अहो उत्तर नाही दिलं म्हणून अडकता! सात-आठ वर्षांनी लवादापुढे गेलं की आमच्याकडे पत्रांच्या चौदा फायली असतात आणि समोरच्या वकिलाकडे एक पातळ फोल्डर, आणि साक्षीला येणारा साहेब तेव्हा नोकरीत त्या जिल्ह्यात पण नव्हता.

आता तुम्ही म्हणाल ही लबाडी आहे. नाहीये. जमीन खरंच वेळेवर मिळत नाही. बँकेचं व्याज मात्र रोज वेळेवर चढतं.

घाटरस्ता

@साइटवाला, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चौदा फायली विरुद्ध एक फोल्डर, मी अख्खा धागा लिहून जे सांगू शकलो नाही ते तुम्ही एका वाक्यात सांगितलं. आमच्या वेळी कंपनीच्या त्या माणसाला आम्ही पत्रमास्तर म्हणायचो.

आकडेमोड

मुंबईची मेट्रो वन बघा. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, ११.४ किमी, १२ स्टेशनं. रिलायन्स इन्फ्रा ६९ टक्के, एमएमआरडीए (मुंबईचं सरकारी विकास प्राधिकरण) २६, व्हिओलिया ५. करार २००७ चा, ३५ वर्षांचा. मूळ अंदाज २,३५६ कोटी, त्यात ६५० कोटी व्यवहार्यता तूट निधी म्हणजे सरकारने वरून घातलेले. जागा मिळायला उशीर, काम लांबलं, जून २०१४ ला सुरू झाली तेव्हा कंपनी म्हणाली आमचा खर्च ४,३२१ कोटी. एमएमआरडीएला ते मान्य नाही. भाड्यावरून तर उद्घाटनाच्या आधीच कोर्ट, करारातलं भाडं ९-११-१३ आणि कंपनी म्हणे १० ते ४०. गंमत अशी की करार झाला तेव्हा ट्रामवे कायदा लागू होता आणि २००९ ला केंद्राचा मेट्रो कायदा बदलून त्यात पहिलं भाडं चालवणाऱ्याने ठरवायचं असं आलं. ३५ वर्षांचा करार करताना पायाखालचा कायदाच दोन वर्षांत बदलला. उशिरामुळे झालेल्या खर्चाचे दावे लवादाकडे गेले, २०२३ ला निकाल कंपनीच्या बाजूने, रक्कम हजार कोटींच्या आसपास, त्यावर परत कोर्टबाजी. मधे २०२४ च्या मार्चमधे राज्य सरकारने खाजगी भागीदारीचा ७४ टक्के हिस्सा ४,००० कोटींना विकत घ्यायचं ठरवलं आणि जूनमधे त्यातून अंग काढून घेतलं.

आणि यात २६ टक्के भागीदार एमएमआरडीएच आहे. म्हणजे घरातलाच माणूस आत बसलेला असून खर्च नक्की किती झाला यावर एकमत नाही.

मुलुंडकर

मेट्रो वन मात्र चालते चांगली हो. घाटकोपरला संध्याकाळी श्वास घ्यायला जागा नसते ते सोडा.

तारवाला

मी वीज मंडळातून निवृत्त. जुन्या एमएसईबीतून. एन्रॉनचं कोणीच कसं काढलं नाही?

एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं सगळ्यांना एवढंच आठवतं की महाग वीज, डॉलरमधे दर, वीज घ्या न घ्या स्थिर आकार भरायचाच, अरबी समुद्रात बुडवणार होते आणि मग बाहेर काढला. १९९३ ला करार, १९९५ ला रद्द, मग फेरवाटाघाटी, १९९९ ला पहिला टप्पा चालू, ७४० मेगावॉट. युनिटचा दर वर वर जायला लागला तसे मंडळाचे प्राण कंठाशी आले. ही हरलेल्या लढाईची गोष्ट आहे, त्यात वाद नाही.

पण त्यात एक प्रसंग आहे जो मला अजून आवडतो. करारात एक कलम होतं, आम्ही मागणी केल्यावर प्रकल्पाने थंड अवस्थेतून ठरलेल्या वेळात, तीन तासांत, पूर्ण क्षमतेने वीज द्यायची. नाही दिली तर दंड, आणि दंडाची पद्धत अशी की आकडा अंगावर येईल. वर्षभर सगळे डोक्याला हात लावून बसले होते की या करारातून सुटका नाही. पण मंडळात कोणीतरी तो जाडजूड करार ओळ न ओळ वाचला. २८ जानेवारी २००१ ला पूर्ण क्षमतेची मागणी केली आणि घड्याळ लावून बसले. तीन तासांत वीज पूर्ण आली नाही. मंडळाने ४०० कोटींच्या वर दंडाचा दावा ठोकला. ज्यांना आतापर्यंत बिलं पाठवायची सवय होती त्यांना पहिल्यांदा बिल आलं! कंपनीने अर्थातच मान्य केलं नाही, प्रकल्प तपासायला गोडबोले समिती झाली, मे २००१ ला मंडळाने करारच रद्दबातल ठरवला, डिसेंबरमधे तिकडे अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं, पुढचं सगळं महाभारत. दंडाचे पैसे हातात पडले असं मी म्हणत नाही. पण हेच कलम चालू झाल्यापासून कोणी दर महिन्याला तपासलं असतं तर?

घाटरस्ता

तारवाला, दंडवत. ही गोष्ट मला माहीतच नव्हती.

खोडसाळ

सरकारी ऑफिसात जाडजूड करार ओळ न ओळ वाचणारा माणूस. त्याचा पुतळा कुठेय? की बदली झाली गडचिरोलीला?

तारवाला

😀 बदलीचं माहीत नाही. पुतळा नक्की नाही.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरच्या पाण्याबद्दल थोडं. २०१२ पासून आख्ख्या शहराचं पाणी ओसीडब्ल्यू बघते, व्हिओलिया आणि विश्वराज यांची कंपनी, २५ वर्षं. चोवीस तास पाणी देऊ म्हटलं होतं पाच वर्षात, अजूनही कित्येक भागात नाही आलं, मीटर बदलले तवा बिलं वाढली म्हणून बोंबाबोंब झाली. पण एक गोष्ट सांगावी लागते की पालिकेनं करार बघायला एनईएसएल नावाची आपली वेगळी कंपनी काढली. आता ती किती बघते तो वादाचा विषय हाय पण निदान विचारायला एक दार तरी हाय. रस्त्याच्या बीओटीत तर तेही नसते.

फोर्थकाठची_सून

इतके दिवस वाचनमात्र होते, पण यावर लिहिलंच पाहिजे. मी एडिनबर्गला असते, मुलगी इथल्या शाळेत.

इकडे याला पीएफआय म्हणतात, १९९२ ला इंग्लंडमधे सुरू झालं. टोल नसतो, म्हणजे शाळा किंवा हॉस्पिटल कंपनी बांधते आणि सरकार २५-३० वर्षं वार्षिक भाडं दिल्यासारखं देत राहतं. आपल्याकडे ज्याला अ‍ॅन्युइटी म्हणतात तसं काहीसं. जानेवारी २०१६ मधे वादळ झालं आणि इथल्या ऑक्सगॅंग्ज प्राथमिक शाळेची बाहेरची भिंत कोसळली. कित्येक टन विटा. पहाटे पडली म्हणून, नाहीतर मुलं त्याच भागातून ये-जा करायची. मग बाकीच्या शाळा तपासल्या आणि एप्रिलमधे ऐन सुट्टी संपताना १७ शाळा बंद केल्या. सात हजारांवर मुलं, दुसऱ्या शाळांत, बसने. आमच्या शेजारणीचा मुलगा रोज पाऊण तास बसमधे.

भिंत का पडली तर आतली आणि बाहेरची भिंत बांधून धरणारे लोखंडी टाय नीट बसवलेच नव्हते, काही ठिकाणी पुरेसे आत गेलेच नव्हते. नंतर चौकशी अहवाल आला, कोल यांचा, २०१७ ला. त्यात मला जे लागलं ते हे की बांधकाम चालू असताना पालिकेच्या बाजूने साइटवर उभं राहून बघणारा माणूसच पुरेसा नव्हता. पूर्वी असायचा, क्लार्क ऑफ वर्क्स म्हणून, दिवसभर साइटवर. या पद्धतीत सगळ्यांनी धरून चाललं की जोखीम कंपनीकडे दिली म्हणजे काळजी पण कंपनीकडे गेली. कंपनीने धरलं ठेकेदार बघेल. ठेकेदाराने धरलं गवंडी बघेल.

२०१८ ला इंग्लंडने नवे पीएफआय बंदच केले, त्याच वर्षी जानेवारीत कॅरिलियन ही बांधकाम कंपनी बुडाली आणि लिव्हरपूलचं मोठं हॉस्पिटल अर्धवट राहिलं. पण जुने करार (तेव्हा सातशेच्या वर होते) चालूच आहेत, २०४० च्या पुढेपर्यंत पैसे द्यायचेत. आता नवीन डोकेदुखी, मुदत संपायला लागलीय आणि इमारती परत ताब्यात घ्यायच्या तर कित्येक पालिकांना माहितीच नाही की इमारतीची अवस्था काय आहे. त्यांना सरकार सांगतं की मुदत संपायच्या सात वर्षं आधीपासून तयारीला लागा. सात वर्षं!

करवीरकर

ताई, ते गवंडी बघेल वाचून अंगावर काटा आला.

साइटवाला

सात वर्षं जास्त वाटतं पण बरोबर आहे. शेवटची तीन-चार वर्षं कुठलीही कंपनी खर्चाला हात आखडतेच, माणसाचा स्वभाव आहे, भाड्याचं घर सोडताना कोणी रंग देतो का. शेवटचा डांबराचा थर द्यायचा असतो तो आज देऊ उद्या देऊ करत ढकलायचा आणि चावी देऊन निघायचं. शेवटी थोडी रक्कम अडकवून ठेवलेली असली तर करतात. नसली तर नाही.

आकडेमोड

मग आता नवीन मॉडेलबद्दल काय मत? केंद्राचं हायब्रिड अ‍ॅन्युइटी, २०१६ पासून. ४० टक्के पैसे सरकार बांधकाम चालू असतानाच देतं, उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्याने व्याजासकट. टोल सरकारच्या ताब्यात. म्हणजे वाहनं कमी आली तरी कंपनीला धोका नाही, आणि जास्त आली तर फायदा सरकारचा. पेठेतला यांची तक्रार मिटली.

घाटरस्ता

मोजणीची तक्रार मिटली, बघण्याची नाही मिटली. उलट जास्त लागते. हप्ता द्यायच्या आधी रस्ता करारात लिहिलाय तसा आहे का हे सहामाहीला कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे, नाहीतर आपण रस्त्याचे नाही, कागदाचे पैसे देतो. आणि केंद्राने नेमलेल्या केळकर समितीने २०१५ ला सांगितलंच होतं की असे प्रकल्प सांभाळायची क्षमता सरकारी संस्थांमधे वाढवा, अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे घेतलेल्या निर्णयासाठी त्याला नंतर चौकश्यांच्या फेऱ्यात अडकवू नका, नाहीतर कोणी सहीच करणार नाही. ते पत्राला उत्तर न देण्यामागे हीच भीती आहे. आमचे दुसरे साहेब वाईट माणूस नव्हते. फक्त निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

मला विचाराल तर प्रत्येक बीओटीला एक माणूस द्या, कराराएवढा जुना. त्याची बदली करायचीच असेल तर करारनाम्यासकट करा 😀

पेठेतला

बदली करारनाम्यासकट, हे आवडलं.

एसटीने_प्रवास

उशिरा आले धाग्यावर. आमच्या तालुक्याच्या गावचा एसटी स्टँड बीओटीवर आहे, वर दुकानं, खाली फलाट. दुकानं झाली पहिल्या वर्षात, फलाटाचं छप्पर अजून गळतं, बायकांच्या मुतारीला गेली सहा वर्षं कुलूप आहे. चौकीत विचारलं तर म्हणाले ठेकेदाराचं काम आहे. ठेकेदार कोण विचारलं तर म्हणाले माहीत नाही, बोर्ड होता पूर्वी. त्या करारात काय लिहिलंय हे मला बघता येईल का? मी काही इंजिनियर वगैरे नाही, बालवाडी चालवते.

घाटरस्ता

नक्की येईल. माहिती अधिकारात अर्ज करा, साध्या कागदावर, जोडपत्र 'अ'च्या नमुन्यात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप चिकटवा. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे, नाहीतर त्याच कारणावर परत पाठवतील. "माहिती द्या" असं मोघम लिहू नका. करारनाम्याची सर्व परिशिष्टांसह प्रत, पूर्णत्वाच्या दाखल्याची प्रत, आणि देखभालीच्या तपासणीचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल, असं नेमकं मागा. परिशिष्टांसह हा शब्द विसरू नका, खरा माल तिथेच असतो. अशा भागीदारी प्रकल्पांचे करार खात्याने न मागता स्वतःहून जाहीर करावेत असं केंद्राच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तेही अर्जात नको पण बोलताना सांगा.

एसटीने_प्रवास

लिहून घेतलं. सोमवारी विभागीय कार्यालयात जाते. तपासणीचे अहवालच नाहीत म्हणाले तर?

साइटवाला

तर ते लेखी घ्या. सही शिक्क्यासकट.

खोडसाळ

आणि अहवालात लग्नाची कमान दिसते का बघा.